चौकटीत न मावणारा पत्ता

आलेले पॅकेट मेमरीत नेऊन ठेवण्याचे काम प्रोसेसर करतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. एनई२००० जातीच्या जुन्या, स्वस्त नेटवर्क कार्डांपुरती ती खरीही होती. त्या कार्डावर स्वतःची १६ किलोबाइट मेमरी असे. पॅकेट तिथे येऊन पडे आणि प्रोसेसर ते थोडे थोडे करून उचलून नेई. सेकंदाला १० मेगाबिट येत होते तोवर ही हमाली परवडली. वेग वाढला तशी ती प्रोसेसरच्या अंगावर येऊ लागली आणि कार्डानेच मुख्य मेमरीत थेट वाचावे-लिहावे ही पद्धत रूढ झाली. तिला डीएमए म्हणतात. तिच्यात ड्रायव्हरने करायचे ते एवढेच: रिकामा बफर मिळवायचा, त्याचा पत्ता एका तक्त्यातल्या ओळीत, म्हणजे डिस्क्रिप्टरमध्ये, लिहायचा आणि ओळ तयार असल्याचे कार्डाला कळवायचे. पॅकेट आले की कार्ड त्या पत्त्यावर ते लिहून टाकते आणि काम झाल्याची खूण करते. प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीत हात घालू न देणारी जी कडेकोट व्यवस्था असते, ती इथे मध्ये येत नाही. दिलेला पत्ता बरोबर आहे की चूक, हे कार्ड कोणाला विचारत नाही.

म्हणून सगळी मदार त्या एका आकड्यावर. कार्डाला ३२ बिटांचा पत्ता कळत असेल तर त्याचे जग ४ जीबीपाशी संपते. आता समजा, कर्नलने बफर दिला तो पाच जीबीच्या खुणेवरचा. हा पत्ता लिहायला ३३ बिट लागतात आणि डिस्क्रिप्टरमध्ये जागा ३२ चीच. ड्रायव्हरने वरचा बिट गाळून उरलेले ३२ तिथे भरले, तर उरतो तो पत्ता असतो बरोबर एक जीबीचा. फॉर्मवर घर क्रमांकासाठी दोनच चौकटी असाव्यात आणि १०५ नंबरच्या घरवाल्याने ०५ लिहून मोकळे व्हावे, तसला हा प्रकार. कार्ड इमानेइतबारे एक जीबीच्या खुणेवर पॅकेट लिहिते. तिथे एखाद्या फाइलचे पान असेल, एखाद्या प्रोग्रॅमची आकडेमोड असेल, किंवा खुद्द कर्नलचा हिशोब असेल. त्या क्षणी काहीच बिघडलेले दिसत नाही. बिघाड दिसतो तो नंतर, भलत्याच ठिकाणी, आणि त्याचा नेटवर्कशी संबंध असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. यासाठी संगणकात आठ-दहा जीबी मेमरी असावी लागते असेही नाही. पीसीमध्ये ४ जीबीच्या खालचा काही पट्टा कार्डांच्या आणि इतर उपकरणांच्या रजिस्टरांसाठी राखून ठेवलेला असतो. त्या पट्ट्याआड झाकली गेलेली मेमरी वाया जाऊ नये म्हणून अनेक यंत्रे ती ४ जीबीच्या वर सरकवतात. म्हणजे मोजून ४ जीबी बसवणाऱ्या माणसाचीही थोडी मेमरी रेषेपलीकडे गेलेली असते.

यावरून चिप बनवणाऱ्यांनी सुरुवातीपासूनच ६४ बिट का दिले नाहीत, असा राग येणे स्वाभाविक आहे. पण हा राग इतिहासापुढे फारसा टिकत नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीत डीएमएचे काम इंटेलच्या ८२३७ या चिपकडे होते आणि तिचा पत्त्याचा मोजक १६ बिटांचा होता. वरचे चार बिट एका वेगळ्या रजिस्टरात भरून कशीबशी १ मेगाबाइटची मजल गाठली होती. १९८४ च्या पीसी-एटीत २४ बिट आले, म्हणजे १६ मेगाबाइट. त्या काळी १६ मेगाबाइट मेमरी विकत घेणे सामान्य माणसाच्या खिशाबाहेरचे होते, तेव्हा ही उधळपट्टीच वाटली असेल. एएमडीची लान्स ही इथरनेट चिपही २४ बिटांचीच. पुढे मेमरी स्वस्त झाली, १६ मेगाबाइटच्या वर गेली, आणि लिनक्समधल्या लान्सच्या ड्रायव्हरला खाली वेगळे बफर राखून पॅकेटांची नक्कल करावी लागली. लिनक्सच्या कर्नलने तर पहिल्या १६ मेगाबाइटचा स्वतंत्र विभागच पाडला आणि त्याला डीएमए झोन असे नाव दिले. १९९२ च्या पीसीआय बसने ३२ बिट दिले आणि पेन्टियम प्रोने १९९५ मध्ये ३६ बिटांचे भौतिक पत्ते आणून प्रोसेसरला त्यापुढे नेले. प्रत्येक पिढीत चिपला त्या वेळच्या गरजेपेक्षा जास्त तारा दिल्या गेल्या आणि प्रत्येक पिढीत त्या अपुऱ्या पडल्या. एक-एक जादा बिट म्हणजे जादा सिलिकॉन, लांब डिस्क्रिप्टर, अधिक खर्च. स्वस्त कार्ड बनवणारा तो टाळणारच. माझ्या मते चिपला कमी पत्ते कळतात एवढ्याने फारसे नुकसान होत नाही. नुकसान होते ते ही गोष्ट जिथे नोंदवायला हवी तिथे कोणी नोंदवलेली नसते तेव्हा.

याचा जवळून पाहण्याजोगा नमुना म्हणजे ब्रॉडकॉमची ४४०१ ही इथरनेट चिप. या शतकाच्या पहिल्या दशकात ती कितीतरी लॅपटॉपमध्ये होती. वेग १०० मेगाबिट, बस ३२ बिटांची पीसीआय. वरवर पाहता ४ जीबीपर्यंत चिंता नाही. प्रत्यक्षात या चिपला पहिल्या १ जीबीपलीकडचे काही दिसत नाही. कारण तिच्या पोटात आहे. चिपच्या आतल्या भागांना जोडणारी एक अंतर्गत बस आहे आणि त्या बसच्या पत्त्यांत बाहेरच्या संगणकाची मेमरी एका खिडकीतून दिसते. ही खिडकी आतल्या पत्त्यांच्या १ जीबीच्या खुणेवर सुरू होते आणि तिची रुंदीही १ जीबीच. म्हणून ड्रायव्हरला डिस्क्रिप्टरमध्ये पत्ता भरताना त्यात १ जीबी मिळवावे लागते आणि खिडकीच्या बाहेरचा पत्ता सांगायची सोयच नसते. एकूण तीस बिट. लिनक्समधल्या बी४४ या ड्रायव्हरमध्ये या मर्यादेला हार्डवेअरचा दोष म्हणणारी एक टीप आहे आणि तिच्या शेवटी लिहिणाऱ्याने उदास चेहऱ्याचे चिन्हही टाकले आहे. त्याने काढलेला मार्ग बघण्यासारखा आहे. आधी नेहमीसारखा बफर मागायचा. त्याचा पत्ता १ जीबीच्या आत असला तर ठीक. नसला तर तो परत करून डीएमए झोनमधून नवा मागायचा. पाठवायचे पॅकेट रेषेपलीकडे असले तर त्याची नक्कल खाली आणून ती पाठवायची. यातली गंमत अशी की चिपला १ जीबी पुरत होते, पण पीसीवर कर्नलकडे इतका खालचा खण एकच होता, तो १६ मेगाबाइटचा. त्यामुळे २००० नंतरचे कार्ड फ्लॉपीच्या जमान्यातल्या जागेसाठी रांगेत उभे राहिले.

या चिपचा दोष बरीच वर्षे झाकलेला राहिला तो निव्वळ योगायोगाने. ३२ बिटांच्या लिनक्समध्ये कर्नल स्वतःसाठी थेट वापरतो ती मेमरी नेहमीच्या मांडणीत पहिल्या ८९६ मेगाबाइटचीच असते आणि पॅकेटांचे बफर तिच्यातूनच येतात. ८९६ हा आकडा १ जीबीच्या आतला, म्हणून चिपच्या खिडकीबाहेरचा बफर तिच्या वाट्याला येतच नसे. ६४ बिटांच्या कर्नलवर ही आडभिंत गेली आणि एक जीबीपेक्षा जास्त मेमरीच्या यंत्रांवर प्रश्न उघडा पडला. कार्ड तेच होते. नवे होते ते आजूबाजूचे घर.

नोंद नसली तर काय होते याचा सर्वांत मोठा पुरावा विंडोजच्या इतिहासात आहे. ३६ बिटांचे पत्ते वापरू देणाऱ्या पीएई या सोयीमुळे ३२ बिटांचे विंडोज तत्त्वतः ४ जीबीच्या वरची मेमरी वापरू शकत होते आणि त्याच्या सर्व्हर आवृत्त्या ती वापरतही होत्या. घरगुती आवृत्त्यांना मात्र मायक्रोसॉफ्टने ४ जीबीपाशी लगाम घातला. मायक्रोसॉफ्टचेच मार्क रुसिनोविच यांनी २००८ मध्ये दिलेले कारण असे की चाचणीत असंख्य घरगुती यंत्रे कोसळत होती, अडकत होती, काही सुरूच होत नव्हती, कारण ४ जीबीपेक्षा मोठा भौतिक पत्ता येऊ शकतो हे त्यांच्यातल्या काही ड्रायव्हरांच्या गावीच नव्हते. यात प्रामुख्याने ग्राफिक्सचे आणि आवाजाचे ड्रायव्हर होते. ते पत्ता कापत आणि मेमरी नासत. नेटवर्कवाले या यादीत पुढे नव्हते याचे श्रेय बहुधा सर्व्हरांना जाते: नेटवर्क कार्ड सर्व्हरमध्ये असतेच, त्यामुळे त्याच्या ड्रायव्हरची मोठ्या मेमरीवर परीक्षा झालेली असते. काही ड्रायव्हरांनी आपली मर्यादा सांगितली नाही आणि दंड भरला तो चांगले ड्रायव्हर असलेल्यांसकट सगळ्यांनी. लिनक्समध्ये हीच नोंद एका ओळीत होते. ड्रायव्हर सुरू होतानाच आपल्या उपकरणाचे किती बिट चालतात ते कर्नलला सांगतो. ६४ मागून पाहतो, नाही म्हटले तर ३२ वर येतो. बी४४ सरळ ३० सांगतो. या ओळीची किंमत शून्य आहे, आणि ती नसली तर काय होते ते विंडोजने दाखवले.

पण मर्यादा म्हणजे नेहमी बिटांचा एक आकडा असता तर हे प्रकरण इथेच संपले असते. रिअलटेकच्या ८१६९ या गिगाबिट चिपचे बघा. चिपला ६४ बिटांचे पत्ते कळतात. मात्र ३२ बिटांच्या पीसीआय बसवर एवढा पत्ता पाठवायचा तर तो दोन हप्त्यांत पाठवावा लागतो आणि मधल्या सगळ्या साखळीला ते जमायला हवे. जुन्या पीसीआय यंत्रांवर याचा भरवसा नव्हता, म्हणून लिनक्सच्या ड्रायव्हरने ही सोय एका पर्यायामागे बंद ठेवली आणि ३२ बिटांच्या खाचेत ती असुरक्षित असल्याचा इशारा पर्यायाशेजारी लिहून ठेवला. ब्रॉडकॉमच्याच टीजी३ घराण्यातल्या काही गिगाबिट चिपांची तऱ्हा याहून वेगळी. त्यांना ४ जीबीच्या वरचे पत्ते कळतात. बफर ४ जीबीची रेषा ओलांडून पलीकडे जात असेल तरच त्या चुकतात. रेषेच्या अलीकडे चालेल, पलीकडे चालेल, मधोमध नाही. ड्रायव्हर प्रत्येक बफराची यासाठी तपासणी करतो आणि कोणी रेषेवर बसलेला सापडलाच तर त्याची दुसरीकडे नक्कल करतो. जुन्या ८२३७ ची खोड हीच होती, फक्त तिची रेषा दर ६४ किलोबाइटवर यायची, कारण खालच्या १६ बिटांतला हातचा वरच्या रजिस्टरात जात नसे. मधल्या काळात तंत्रज्ञान कितीही पुढे गेले तरी हातचा विसरण्याची सवय गेली नाही.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नेटवर्कचे सगळेच बफर ४ जीबीच्या खाली ठेवावेत, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप पोकळ नाही. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने ६४ बिटांच्या पीसीवर बरीच वर्षे हेच धोरण चालवले: पॅकेटांचे बफर मुळातच खालच्या ४ जीबीतून घ्यायचे, म्हणजे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला या प्रश्नाचा विचारच नको. साधेपणाला हे लोक किती मान देतात ते यातून दिसते, आणि राउटर किंवा फायरवॉलसारख्या यंत्राला हे पुरून उरते. पण त्याला दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ३० बिटांच्या कार्डाला ४ जीबीचे आश्वासन पुरत नाही. सर्वांत तोकड्या कार्डाच्या मापाने सगळ्यांचे कपडे शिवायचे तर १६ मेगाबाइटपर्यंत खाली यावे लागेल. दुसरी अडचण पाठवायच्या बाजूची. येणाऱ्या पॅकेटासाठी जागा आपण निवडतो. पाठवायचा मजकूर मात्र आधीच कुठेतरी असतो: फाइलचे पान पन्नासाव्या जीबीत पडलेले असेल आणि वेब सर्व्हरला ते नक्कल न करता तिथूनच कार्डाला द्यायचे असेल. अशा वेळी ‘सगळे खाली’ या नियमाचा अर्थ ‘सगळ्याची नक्कल करा’ असा होतो.

नक्कल करणे म्हणजे डीएमएचा हेतूच बुडवणे, हा दुसरा आक्षेप. याचे उत्तर वेगावर अवलंबून आहे. १०० मेगाबिटचे कार्ड सेकंदाला एका दिशेने जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट आणते. ४४०१ च्या काळातल्या प्रोसेसरलासुद्धा एवढी नक्कल म्हणजे किरकोळ काम. १० गिगाबिटला हाच आकडा सव्वा जीबी होतो. सर्वांत लहान पॅकेटांचा मारा झाला तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख पॅकेटे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद येतात. तिथे नक्कल जीवघेणी ठरते. सुदैवाने ज्या कार्डांचे पत्ते तोकडे ती सहसा मंद असतात आणि वेगवान कार्डांना लांब पत्ते कळतात. म्हणून खर्चाचा बोजा ज्याच्यामुळे तो उद्भवला त्याच्याच डोक्यावर पडतो, आणि असे होण्यासाठी प्रत्येकाने आपापली मर्यादा अलग सांगितलेली असावी लागते.

ही नक्कल प्रत्येक ड्रायव्हरने स्वतः करत बसू नये, हा विचार नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जेसन थॉर्प यांनी चांगला मांडला. त्यांच्या चौकटीत ड्रायव्हर बफर कार्डाच्या हवाली करण्याआधी आणि परत ताब्यात घेताना तसे जाहीर करतो. मधे काय करायचे ते त्या त्या यंत्राचा कोड ठरवतो: एखाद्या यंत्रावर काहीच नाही, एखाद्यावर कॅश साफ करायची, एखाद्यावर खालच्या बफरात नक्कल. यासंबंधीचा त्यांचा लेख १९९८ मध्ये युजनिक्सच्या परिषदेत प्रसिद्ध झाला. लिनक्सची व्यवस्था वेगळी लिहिलेली असली तरी शिस्त तीच आहे. या शिस्तीत एक खोच आहे. साध्या पीसीवर ‘बफर आता कार्डाचा’, ‘बफर आता माझा’ ही घोषणा वगळली तरी सगळे सुरळीत चालते, त्यामुळे ती वगळणारे ड्रायव्हर तयार होतात आणि खपतातही. नक्कल करणारे यंत्र भेटले की असा ड्रायव्हर खालच्या बफरात आलेले पॅकेट वर न आणताच वाचायला जातो आणि त्याला शिळा मजकूर मिळतो. लिनक्सच्या एसडब्ल्यूआयओटीएलबी या नक्कलखात्याला बूट करताना सक्तीने चालू करण्याचा पर्याय आहे. ड्रायव्हर खरा आहे की नशीबवान, हे त्यातून चटकन कळते.

हे नक्कलखाते मुळात इंटेलच्या इटेनियम प्रोसेसरसाठी लिहिलेले. एएमडीच्या २००३ च्या ऑप्टेरॉन प्रोसेसरमध्ये ग्राफिक्ससाठीचा पत्ते बदलणारा तक्ता होता आणि लिनक्सने त्याचाच वापर करून तोकड्या कार्डांना वरची मेमरी खालच्या पत्त्यांवर दाखवली. २००४ मध्ये इंटेलचे ६४ बिटांचे झिऑन आले त्यांच्यात असे काही नव्हते, म्हणून इटेनियमचे खाते उसने आणावे लागले. सामान्यतः ६४ मेगाबाइटचे, दोन-दोन किलोबाइटच्या खणांत विभागलेले. पुढे इंटेल आणि एएमडी दोघांनीही आयओएमएमयू दिले. हे उपकरण कार्ड आणि मेमरी यांच्यामध्ये बसते आणि कार्डाने उच्चारलेला पत्ता खऱ्या पत्त्यात बदलते. मग ड्रायव्हरने आता मर्यादा सांगायची गरज काय? गरज आहे, कारण कार्डाला कोणता बनावट पत्ता द्यायचा हे ठरवतानाही त्याला किती बिट कळतात ते माहीत असावे लागते. शिवाय आयओएमएमयू सगळीकडे नसते, असले तरी चालू असेलच असे नाही, आणि प्रत्येक बफरामागे तक्त्यात नोंद घालणे-काढणे फुकट होत नाही.

आयओएमएमयू नसले तर काय होते हे २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ ने दाखवून दिले. चार जीबीपर्यंत मेमरी असलेल्या या बोर्डावर जुन्या घडणीच्या काही उपकरणांना पहिला १ जीबीच दिसत होता आणि सुरुवातीच्या चिपांत पीसीआय एक्सप्रेसच्या भागाला ३ जीबीपर्यंतच. त्याच चिपमधल्या इथरनेटला मात्र ४० बिट कळत होते. इथे ड्रायव्हरला एकट्याने प्रामाणिक राहून भागत नव्हते, कारण मर्यादा उपकरणाची नसून ते ज्या बसवर टांगलेले आहे तिची होती. तेव्हा ती बोर्डाच्या वर्णनात, म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये, लिहावी लागली, आणि ६४ बिटांच्या आर्म कर्नलमध्ये १ जीबीच्या आतला नवा झोन पाडावा लागला. बी४४ ला हवा होता तसा खण अखेर तयार झाला, फक्त दुसऱ्याच घरात.

आणि मेमरीची मर्यादा दरवेळी तारांचीच असते असेही आता राहिलेले नाही. एएमडीच्या एसईव्हीसारख्या व्यवस्थेत क्लाउडमधल्या आभासी यंत्राची मेमरी एन्क्रिप्ट केलेली असते. बाहेरून आलेल्या उपकरणाला पत्ता पूर्ण ६४ बिट कळला तरी तिथला मजकूर वाचता येत नाही. यावर लिनक्सने काढलेला मार्ग म्हणजे तेच जुने नक्कलखाते: थोडी मेमरी उघडी ठेवायची आणि पॅकेटे तिच्यातून आत-बाहेर करायची. ज्या ड्रायव्हरांनी बफराची देवाणघेवाण शिस्तीने जाहीर केली होती, त्यांना यात काही नवे शिकावे लागले नाही. पंचाईत झाली ती आभासी यंत्रांसाठीच बनवलेल्या व्हर्टआयओ या नेटवर्क कार्डाची. हे कार्ड सॉफ्टवेअरनेच केलेले, त्याला ना तारा ना बिटांची टंचाई, म्हणून त्याचा ड्रायव्हर डीएमएच्या व्यवस्थेला वळसा घालून थेट भौतिक पत्ते देत असे. मर्यादाच नाही तर सांगायचे काय, असा त्यामागचा हिशोब. एसईव्हीच्या यंत्रात तो हिशोब चुकला, आणि आपल्यालाही इतरांसारखीच बंधने लागू आहेत असे सांगणारा व्हर्टआयओच्या नियमावलीतला एक बिट तिथे चालू करावा लागला.